ड्रॉइंग सरांची कर्जमुक्ती

कर्ज बुडवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, आमच्या जिल्ह्यात तर ती शोधावीही लागत नाहीत. पण कर्ज बुडवण्यासाठी पेन्सिलीने समास आखून, चारही बाजूंना वेलबुट्टी काढून, बोरूने लिहिलेला अर्ज पाठवणारा माणूस आमच्या ड्रॉइंग सरांखेरीज दुसरा जन्माला आलेला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मला हे इतकं खात्रीने ठाऊक असायचं कारण म्हणजे त्या कर्जाला मी जामीनदार होतो. मी गणित शिकवतो. चक्रवाढ व्याजाची उदाहरणं दरवर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर सोडवून दाखवतो, आणि तरीही पतसंस्थेच्या त्या छापील फॉर्मवर फुल्या मारलेल्या तीन जागी मी न वाचता सह्या केल्या. सर म्हणाले, "इथं, इथं आन इथं," आणि दाखवणाऱ्या बोटाला निळा रंग लागलेला होता. बोटाला रंग लागलेल्या माणसाचा संशय घेणं मला कधी जमलेलं नाही.

दर्यापूरच्या शाळेत आम्ही अठरा वर्षं एकत्र नोकरी केली. दोघांचीही घरं अमरावतीत, म्हणून रोजचं बसने जाणं-येणं. सर माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, आणि खिडकीची जागा कायम त्यांची. त्यांना रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या असत, वाचायच्या म्हणजे तपासायच्या. वलगावच्या एका सलूनच्या पाटीवर 'केश' मधल्या श चं पोट इतकं सुटलेलं होतं, की सरांना त्याचा रोज त्रास व्हायचा. शेवटी एका शनिवारी ते बसमधून उतरले, त्या सलूनमध्ये गरज नसताना दाढी करून घेतली आणि मालकाच्या परवानगीने स्टुलावर चढून तो श दुरुस्त करून आले. मालक दाढीचे पैसे घेईना, तर त्याच्याशी भांडून दिले. कुणाचं काही आपल्याकडे राहिलं, ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. एकदा सुटे नाहीत म्हणून कंडक्टरने दोन रुपये सोडून दिले, तर ते द्यायला सर संध्याकाळी डेपोत तासभर त्याची वाट पाहत बसले, आणि सोबत मलाही बसवलं. असा माणूस कर्ज बुडवायला निघाला म्हणजे बिनसलंय ते काहीतरी दुसरंच, हे खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कर्ज काढलं ते वरचा मजला बांधायला. मुलगा हैद्राबादला नोकरीला. त्याचं लग्न झालं, सून येईल, तिला वेगळं स्वयंपाकघर हवं, असं वहिनींनी ठरवलं आणि सरांनी घर पतसंस्थेकडे गहाण ठेवून स्लॅब टाकला. नातवाच्या खोलीत भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने बारा पोपट काढले. नातू अजून व्हायचा होता, पण सरांचं म्हणणं, पोपटांना वेळ लागतो. मुलगा आणि सून वास्तूला आले, तीन दिवस राहिले, बाथरूमचा नळ गळतो एवढं सांगून गेले. पुढच्याच हिवाळ्यात वहिनी वारल्या. मग सर निवृत्त झाले. खाली चार खोल्या, वर चार खोल्या आणि त्यात मिळून एक माणूस. रोज दिवेलागणीला सर जिना चढून वर जायचे, चारही खोल्यांतले दिवे लावायचे आणि खाली येऊन बसायचे. मी एकदा विजेच्या बिलावरून टोकलं, तर म्हणाले की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथं भरलं घर आहे. हप्ते मात्र दोन वर्षं ठरल्या तारखेला गेले.

त्यानंतर अकोल्याचं ते शिबिर झालं. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली जाहिरात सरांनी मला दाखवली: कर्जमुक्ती शिबिर, मंगल कार्यालय, रविवार, चहा-नाश्ता मोफत. त्यातल्या अक्षरांची मांडणी त्यांना आवडली होती. आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरने गेलो. व्यासपीठावर क्रीम रंगाच्या सफारीतला एक गृहस्थ होता. स्वतःला विधितज्ज्ञ म्हणवत होता, पण कुणी कोर्टाचं नाव काढलं, की "तिकडे जाऊच नका" असं घाईने सांगत होता. त्याचं सगळं बोलणं असं: बँकेने तुम्हाला पैसा दिलेलाच नाही, वहीत नुसता आकडा लिहिला. कर्जाच्या कागदावर तुमचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते नाव म्हणजे तुम्ही नाहीच, तुमच्या नावाने काढलेली ती एक कंपनी. तुम्ही तर जिवंत मनुष्य आहात. जिवंत मनुष्याला कर्ज नसतं. सरांनी हात वर केला आणि विचारलं, "आमच्या पतसंस्थेचा कागद मराठीत हाये. मराठीत मोठे अक्षर नसतेत. मंग आमचं कसं?" गृहस्थ क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, म्हणूनच मराठी माणूस आजवर मागे राहिला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि सरांनीही वाजवल्या.

मी मनातल्या मनात हसत होतो. पण शेजारी पाहिलं तर सर ताठ बसलेले, डोळे चमकत होते. तुम्ही जिवंत मनुष्य आहात, असं त्यांना गेल्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी ते अकरा जणांशी बोलले. कुणाचं ट्रॅक्टरचं कर्ज, कुणाचं दुकानाचं, कुणाचं मुलीच्या लग्नाचं. सर प्रत्येकाचं सगळं ऐकून घेत होते, पत्ते लिहून घेत होते. येताना त्यांच्या पिशवीत 'मुक्ती संच' नावाच्या दोन जाडजूड फायली होत्या. एकीची किंमत माझ्या महिन्याच्या किराण्याइतकी. दुसरी कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जामीनदाराची वेगळी रायते. तुह्यासाठी घेतली." मी ती अजून उघडलेली नाही.

फायलीतले नमुने सरांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. टंकलेखन तिरकं होतं. त्यांनी स्वतःच नवा मसुदा केला. त्याचा आधार असा, की खिशातल्या नोटेवर काय लिहिलेलं असतं? धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन. म्हणजे नोट हा पैसा नव्हे, वचन झालं. पतसंस्थेने सरांना दिलं ते वचन, मग सरांनीही फेड वचनानेच करावी. त्यांनी उत्तम ड्रॉइंग पेपर घेतला, कडेने कपाशीची बोंडं आणि पानं काढली, मधोमध संपूर्ण थकबाकी धारकास अदा करण्याचं वचन लिहिलं, खाली फायलीत सांगितल्याप्रमाणे लाल शाईचा अंगठा पंचेचाळीस अंशांत उमटवला, रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवून दिलं आणि हप्ते थांबवले. एकवीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कर्ज फिटलं, असं शिबिरात सांगितलं होतं. एकविसाव्या दिवशी सरांनी पेढे आणले. बाविसाव्या दिवशी पतसंस्थेचा वसुली अधिकारी आला.

हा अधिकारी पन्नाशीचा, गुडघ्याने बेजार, स्वभावाने सोशिक. सरांनी त्याला बसवलं, पेढा दिला आणि वचनाचा सिद्धांत पहिल्यापासून समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, की सर, मग तुम्ही भाजीवाल्याला काय देता? सर म्हणाले, भाजीवाल्याला रोख देतो, भाजीवाला माणूस आहे, संस्था नाही. अधिकारी पुढच्या गुरुवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. त्याला पोहे आवडतात, शेंगदाणे चालत नाहीत, धाकट्या मुलीला गणित जमत नाही, हे सगळं मला सरांकडूनच कळत होतं. मी पतसंस्थेत विनवणीला गेलो, तेव्हा शाखाधिकाऱ्याच्या टेबलाच्या काचेखाली ते वचनपत्र ठेवलेलं दिसलं. थकबाकीच्या यादीत सरांचं नाव तिसरं होतं, पण येणारा-जाणारा प्रत्येकजण वाकून कपाशीची बोंडं बघत होता. शाखाधिकाऱ्याने तर मला हळूच विचारलं, सर लग्नपत्रिका करून देतील का.

एव्हाना सरांची कीर्ती झाली होती. लोक वचनपत्रं करून घ्यायला येऊ लागले. सर त्याची फी घेत नसत, पण त्यांची एक पद्धत ठरलेली होती: पत्र तीन बैठकांत होईल. पहिल्या बैठकीत समास आणि वेलबुट्टी, दुसरीत मजकूर, तिसरीत अंगठा. घाई केली तर शाई फुटते, असं ते सांगत. वेलबुट्टीत काय काढायचं हे ठरवायला माणसाची सगळी हकिगत ऐकावी लागे. मोर्शीकडच्या बागायतदाराला संत्री, शिंप्याला कात्री, केबलवाल्याला काय काढावं यावर तर दोन तास गेले. वरच्या मजल्यावर सतरंजी घातली गेली, कप आणले गेले, आणि संध्याकाळी तिथले दिवे आता खरोखरच्या कामासाठी लागू लागले. मी एका पत्राला साधारण किती वेळ लागतो त्याचा अंदाज केला. मन लावून बसले तर सरांना ते काम पाऊण तासात जमलं असतं. तीन बैठका ही कागदाची गरज नव्हतीच.

मला हे कळत होतं, आणि तरी मी रागावलेलो होतो. कारण मुख्याध्यापकांच्या टेबलावर पतसंस्थेचं पत्र आलं होतं. कर्जदार हप्ते भरत नाही, सबब जामीनदाराच्या पगारातून दरमहा कपात करावी. मी सही केलेल्या तीन जागांपैकी दुसरी जागा याच संमतीची निघाली. पहिल्या कपातीला बायको काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात तिने मुलाची शिकवणी बंद केली, आणि तीही काही न बोलता. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "तुमच्या सराले एवढं तरी विचारा, का त्याच्या वचनात आपली भाजी येते का." मी विचारलं नाही. पूर्वी दर रविवारी सरांकडे जाऊन भांडायचो, हप्ते भरा म्हणून डोकेफोड करायचो. ते जाणंही मी हळूहळू कमी केलं. फोन आला तर पेपर तपासतोय म्हणायचो. जुलैतही पेपर तपासतोय म्हणायचो, आणि इतकी वर्षं शाळेत काढलेला माणूस ते मुकाट्याने मान्य करायचा.

पाच महिने झाल्यावर एका रविवारी सकाळी मात्र मी हिय्या करून निघालो. आज काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो. पोचलो तर दारात एक बाई उभ्या होत्या. फुलशेती करणाऱ्या, शेवंती-झेंडू बाजारात आणून विकणाऱ्या. माल आणायला त्यांनी कर्जावर छोटी लोडिंग गाडी घेतली होती, आणि सरांकडून पत्र करून घेतलं होतं. तिन्ही बैठकांना त्या सरांसाठी ओंजळभर फुलं घेऊन यायच्या. पत्र गेलं म्हणून त्यांनी हप्ते थांबवले होते. त्या दिवशी पहाटे बाजारात फायनान्सवाल्यांनी टोपल्या रस्त्यावर उतरवून ठेवल्या आणि गाडी घेऊन गेले. बाई बाजारातून चालत आल्या होत्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा ठेवला जी सर. अक्षर लय सुंदर होतं तुमचं."

सरांनी त्यांना आत बोलावलं, पण त्या थांबल्या नाहीत. फुलं रस्त्यावर होती. त्या गेल्यावर सर उंबऱ्यातच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गनितवाले, तुह्या पगारातून तर नाई ना काही कापून राहिले?"

मी चपला काढायला खाली वाकलो, आणि त्यात त्यांना उत्तर मिळालं.

"कवापासून?"

"पाच महिने झाले."

"सांगतलं कावून नाई?"

मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर मला आजही लिहिताना लाज वाटते. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडायचं म्हटलं तरी दोन तास बसावं लागतं. मला तेवढाही वेळ त्यांना द्यायचा नव्हता. सर कपाटाकडे गेले आणि एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. आत निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांच्या बँकेतल्या ठेवीची पावती होती. मी आकडा पाहिला आणि माझ्या डोक्यात आपोआप वजाबाकी झाली: बाईंची थकबाकी, सरांचं सगळं कर्ज, माझी कपात, सगळं जाऊन थोडं उरत होतं. म्हणजे ही पावती शिबिराच्याही आधीपासून त्यांच्या कपाटात होती. मी जवळजवळ ओरडलोच, की पैसे होते तर भरले कावून नाई.

सर खुर्चीत बसले. फार साध्या आवाजात म्हणाले, "भरले असते तर कोन आलं असतं गा माह्याकडे?"

अठरा वर्षं ज्याच्या शेजारी बसून प्रवास केला, तो माणूस मला हप्त्यांच्या नोटिशींच्या आडून बोलावत होता, आणि मी व्याजाचे दर मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेव मोडली. आधी बाईंची गाडी सोडवली, स्वतः गॅरेजमध्ये जाऊन. नंतर अकोल्याला गेले, सफारीवाल्याला जाब विचारायला. तिथे त्याच्या कार्यालयाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला ठेवलेली होती, आणि कव्हरं विकणाऱ्याने सांगितलं की सरांच्या आधी बरेच जण चौकशी करून गेले. पत्रं करून नेलेल्या प्रत्येकाच्या घरी सर एकेक करून गेले, हप्ते भरा म्हणून हात जोडून सांगून आले. दोघातिघांनी त्यांना शिव्या दिल्या. एकाने दारच उघडलं नाही. आणि मग एका दुपारी ते बसने दर्यापूरला शाळेत आले, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझ्यासमोर पतसंस्थेचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा कागद, ठेवला, शेजारी माझ्या कपातीच्या रकमेचं पाकीट ठेवलं, आणि मला ते मोजायला लावलं. मी मोजलं. पै न पै बरोबर होती.

चहा झाला. सर उठले, छत्री घेतली. "चाल, सुटला तू," म्हणाले. "जामीनदार नाई राह्यला, मी कर्जदार नाई राह्यलो. आता मी तुहा कोनी नाई लागत." हसत म्हणाले, म्हणून मीही हसलो. या ना घरी रविवारी, असं म्हणालो. ते "पाहू" म्हणाले आणि घंटा झाली. खोटं कशाला बोलू, वर्गाकडे जाताना मला हलकं वाटलं होतं. त्या महिन्यात पूर्ण पगार झाला. आम्ही मुलाची शिकवणी पुन्हा लावली. घरी सगळे खूश होते, आणि सरांकडे जायला मला काही कारण नव्हतं. असे दोन महिने गेले, मग तीन गेले. वसुली अधिकारी मला एकदा बाजारात भेटला आणि त्याने विचारलं, की सर बरे आहेत ना, गुरुवारी त्या बाजूला आता माझं काही काम नसतं. मी म्हणालो, बरे असतील.

हे 'असतील' मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. पुढच्या रविवारी दुपारी मी गेलो. बेल दाबली. आतून चपलांचा आवाज आला, कडी निघाली, सर दारात उभे. वाळलेले दिसले. मला पाहून त्यांचा चेहरा एकदम पडला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोनती नोटीस आली का?"

"नाई सर. असाच आलो."

"असाच?" त्यांनी माझ्या मागे फाटकाकडे पाहिलं, माझ्यासोबत आणखी कुणी आहे का ते. मग माझ्या हाताकडे पाहिलं. हातात कागद नव्हता, पिशवी नव्हती. बराच वेळ ते दाराला धरून उभे होते, आणि मला आत ये म्हणायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा एकदम घाई उडाली. खुर्चीवरचे कपडे उचलले, पंखा लावला, स्वयंपाकघरात जाऊन आले आणि ओशाळून म्हणाले की दूध नाही, आता एकट्यापुरता काळाच चहा घेतो. मी काळा चालेल म्हणालो, तर ऐकेनात. पायात चपला सरकवत दारातून मला म्हणाले, "दोन मिनिटात आनतो. जाऊ नको बरं."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डेअरी कोपऱ्यावरच आहे. सर दुधाची पिशवी हातात घेऊन परत येताना दिसले. साठी उलटलेला माणूस जवळजवळ पळत होता. फाटकाशी येऊन ते थांबले आणि आधी त्यांनी दाराबाहेर काढलेल्या माझ्या चपलांकडे पाहिलं. चपला होत्या. मग ते पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ धापा टाकत राहिले.